दूर्वांचा जनुकीय नकाशा

शेतकरी जिला हरळी म्हणतो आणि पूजेत जिला दूर्वा म्हणून मान मिळतो, ती 'सायनोडॉन डॅक्टिलॉन' ही वनस्पती उष्ण प्रदेशांत चाऱ्यासाठी आणि क्रीडांगणांवरील हिरवळीसाठीही लावली जाते. इंग्रजीत तिला 'बर्म्युडा ग्रास' असे नाव आहे.

या गवताच्या उत्क्रांतीचे मर्म गुणसूत्रांत आहे. सायनोडॉनच्या गुणसूत्रांचा मूळ संच नऊचा. 'ट्रान्सव्हालेन्सिस' या आफ्रिकी जातीत असे दोन संच, म्हणजे १८ गुणसूत्रे असतात. हरळीत बहुधा चार संच, म्हणजे ३६. दोहोंच्या संकरातून २७ गुणसूत्रांचे गवत निपजते. तीन संचांची समान वाटणी होत नसल्याने ते वांझ असते. अमेरिकेत टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी विकसित केलेला आणि १९६० मध्ये प्रसारित झालेला 'टिफवे' हा वाण याच प्रकारचा आहे. त्याची लागवड बियाण्याने नव्हे, तर कांड्यांनी होते. त्यामुळे मैदान एकसारखे दिसते. मात्र सारी रोपे जनुकीयदृष्ट्या एकच असल्याने एखादा नवा रोग संपूर्ण मैदानाला घातक ठरू शकतो.

यावर उपाय नव्या वाणांचा. हरळी आणि आफ्रिकी जातीच्या संकरावर आधारलेला जनुकीय नकाशा २००६ मध्ये, तर आफ्रिकी जातीचा संपूर्ण जनुकसंच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हवा असलेला गुण कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे अशा नकाशांवरून शोधता येते. तो गुण मात्र आधी निसर्गात असावा लागतो. बांधावर तण म्हणून उपटली जाणारी हरळी हाच त्या विविधतेचा साठा आहे.