मुंबईतील डास, पाणी व हिवताप

डासांची विपुलता तापमान, आर्द्रता, पर्जन्यमान आणि साचलेल्या पाण्याचे स्वरूप या घटकांवर अवलंबून असते. नागरी वस्तीत यांपैकी शेवटचा घटक बहुतांशी मनुष्यनिर्मित असतो. मुंबई शहरातील हिवतापाचा इतिहास हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

डासाच्या डिंभ (अळी) व कोश या अवस्था पाण्यात पार पडतात. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ डास तयार होण्यास सु. ७ ते १० दिवस पुरतात. हिवतापाच्या परजीवीची डासाच्या शरीरातील वाढ २५° ते २८° से. तापमानात सर्वसाधारणपणे १० ते १४ दिवसांत पूर्ण होते. तेवढा काळ जगलेली मादीच रोग पसरवू शकते. पावसाळ्यातील दमट हवेत डासांचे आयुष्य वाढते; मात्र मुसळधार पावसाने उघड्यावरील डिंभ वाहूनही जातात. त्यामुळे पाऊस जितका अधिक तितका हिवताप अधिक, असे सरळ प्रमाण आढळत नाही.

प्रत्येक जातीचे पाणीही वेगळे असते. हत्तीरोगवाहक क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस ही जाती गटारांतील घाण पाण्यात वाढते, तर डेंग्यूचा प्रसार करणारी ईडिस इजिप्ती घरातील पिंपे, कुंड्या व टाकाऊ टायर यांत वाढते. शहरी हिवतापाची प्रमुख वाहक ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हिला विहिरी, हौद व टाक्या यांतील तुलनेने स्वच्छ पाणी मानवते. या जातीचे वर्णन डब्ल्यू. जी. लिस्टन यांनी १९०१ मध्ये केले.

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधून काढले. तत्पूर्वी दलदलीतील दूषित हवा हेच हिवतापाचे कारण मानले जाई. मुंबईत सी. ए. बेंटली यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाचे मूळ दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरींत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. विहिरी बुजवाव्यात किंवा डास शिरणार नाहीत अशा रीतीने झाकाव्यात, हा त्यावरील उपाय होता. तथापि विहीर हे केवळ पाणवठ्याचे ठिकाण नव्हते. धार्मिक कृत्यांसाठी लागणाऱ्या पाण्यास सूर्यप्रकाशाचा स्पर्श हवा, अशी श्रद्धा असल्याने हिंदू व पारशी समाजांतून विहिरी बंद करण्यास विरोध झाला. झाकणात जाळीची झडप बसविण्यासारखे मध्यममार्ग त्यातून निघाले. फोर्ट विभागातील १७२५ मध्ये बांधलेली भिखा बेहराम विहीर पारशी समाजात आजही पवित्र मानली जाते.

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये, तर तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले. नळामुळे विहिरींची गरज कमी झाली, परंतु डासांचे आश्रयस्थान नाहीसे झाले नाही. पुरवठा ठराविक वेळीच होत असल्याने पाणी साठविणे भाग पडले आणि बहुमजली इमारतींच्या गच्च्यांवर टाक्या आल्या. विहिरीत वाढणारी जाती गच्चीवरील टाकीतही तितकीच सुखाने वाढू लागली. जी. कोव्हेल यांनी १९२८ मध्ये शहराची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही मनुष्यनिर्मित जलसाठे हाच प्रश्नाचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीमुळे देशातील रुग्णसंख्या १९६५ च्या सुमारास एक लाखापर्यंत उतरली; परंतु १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डासांतील कीटकनाशकरोध हे याचे एक कारण होते. शहरांसाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या नागरी हिवताप योजनेत डिंभनाशावर भर देण्यात आला.

पुढे बांधकामांच्या जागी साचणारे पाणी हे नवे उत्पत्तिस्थान ठरले. तेथेच राहणारे स्थलांतरित मजूर रोगास प्रथम बळी पडतात आणि त्यांच्या रक्तातील परजीवी डासांमार्फत आसपासच्या वस्तीत पसरतात. मुंबईत २०१० मध्ये हिवतापाचे सु. ७६ हजार रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर टाक्या व बांधकामे यांची कसून तपासणी झाल्यावर ही संख्या बरीच घटली.

ॲनॉफेलीस स्टीफेन्साय ही जाती २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे व त्यानंतर इथिओपियातही आढळली आहे. ग्रामीण समजला जाणारा तेथील हिवताप त्यामुळे शहरांत शिरण्याचा धोका निर्माण झाला आहे. औषधे व फवारे यांचा उपयोग निश्चितच आहे. परंतु पाणी नियमित मिळणे, ते झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा साठे कोरडे करणे या गोष्टींवरच नागरी हिवतापाचे नियंत्रण अखेर अवलंबून राहते, हे मुंबईच्या इतिहासावरून दिसून येते.