कॉलेज गावाजवळ कसे आले



गेल्या जून महिन्यातली गोष्ट सांगतो. एक शेतकरी आपल्या मुलीची बारावीची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आले. गुण चांगले होते. मुलगी दाराशी उभी होती, आत यायला संकोचत होती. वडील म्हणाले, "सर, पोरीला शिकवायचं आहे. पैशाचं कसंबी बघू. पण दिवेलागणीला घरी आली पाहिजे. आईला बरं नसतं, अन् रानात मी एकटा."

मी त्यांना कॉलेजची फी सांगितली, मुलींसाठीच्या सवलती सांगितल्या. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "ते ठीक. पण गाडी किती वाजता सुटते?"

हा प्रश्न तुम्हांला क्षुल्लक वाटेल. मी इतिहासाचा अध्यापक आहे, आणि मला तो फार जुना वाटला. आपल्याकडील उच्च शिक्षणाचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर मी म्हणेन की तो अंतराचा इतिहास आहे. कॉलेज किती लांब, तिथे राहायचे कुठे, खायचे काय, आणि कामधंदा सांभाळून जायचे कधी? या प्रश्नांशी आपल्या वाडवडिलांनी कशी झुंज घेतली, तेवढेच आज सांगणार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. भांडारकर मूळचे मालवणचे, शाळा शिकले रत्नागिरीला. दोघांनाही पुढच्या शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागली, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्या काळी मुंबईत एल्फिन्स्टन, पुण्यात सरकारी कॉलेज, असा सारा पसारा. पुढे १८८० साली कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, १८८५ साली पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज निघाले. त्याच सुमारास नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे सुरू झाली. म्हणजे एवढ्या मोठ्या मुलखात कॉलेजची गावे एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

आता या कॉलेजांचा खर्च कोण भागवीत होते? सरकारी कॉलेजला पैसा सरकारी तिजोरीतून, आणि तिजोरीत पैसा प्रामुख्याने शेतसाऱ्याचा. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात नेमके यावरच बोट ठेवले. कष्टकऱ्यांच्या पैशातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण होते आणि कष्टकऱ्यांच्या मुलाला साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. ज्याने सारा भरला त्याच्या पोराला कॉलेजची वाट ठाऊक नव्हती, हे आपण विसरता कामा नये.

शहरात कॉलेज असले तरी खेड्यातल्या पोराने तिथे राहायचे कुठे? ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तेही जिणे लाचारीचेच, पण पोट भरत असे. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, महार यांच्या मुलांना तीही वाट नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. शिक्षणाचा खरा अडसर बुद्धीचा नाही, भाकरीचा आणि आसऱ्याचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहत गेली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आधी पायरी बांधली, वर जिना बांधला, आणि चढणाऱ्याला जेवूही घातले.

हे पहिले उत्तर झाले: मुलाला कॉलेजजवळ आणा. दुसरे उत्तर कोल्हापुराच्या बोर्डिंगात राहिलेल्याच एका विद्यार्थ्याने शोधले: कॉलेजच मुलाजवळ न्या. हा विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊराव स्वतः पदवीधर नव्हते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात आजही घरोघर सांगतात. शिक्षकांनी वर्गात ती जरूर सांगावी. पण सांगताना हेही सांगावे की ते मंगळसूत्र दुसऱ्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी मोडले होते.

१९४७ साली साताऱ्यात भाऊरावांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तत्त्व एकच: कमवा आणि शिका. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर श्रम करावेत आणि त्या श्रमावर आपले शिक्षण करावे. दान मागू नये, कर्ज काढू नये. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. नाव पाहा! झाडू घेऊन गावोगाव हिंडलेल्या संताचे नाव कॉलेजला द्यायचे, हा विचारसुद्धा रयतेचाच.

हेच वारे इतर भागांतही वाहत होते. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांना वाट करून दिली. रत्नागिरीत, जळगावात आणि अमळनेरला १९४५ साली कॉलेजे सुरू झाली. म्हणजे भांडारकरांच्या पिढीला रत्नागिरीहून मुंबईला जावे लागले, त्यानंतर रत्नागिरीत स्वतःचे कॉलेज व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

मराठवाड्याची वाट तर याहूनही बिकट. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, पण ते लांब आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला अंतर आणि भाषा असे दोन डोंगर चढायचे. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला आणि दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कॉलेज निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. गोव्यातही तसेच. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली पणजी आणि मडगाव येथे कॉलेजे सुरू झाली. तोवर गोव्यातील मुलांना पदवीसाठी बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठावे लागे. स्वातंत्र्याचा अर्थ सामान्य माणसाला कधी कधी असा कळतो.

बाबासाहेबांचा उल्लेख आला, त्यांच्याविषयी आणखी दोन शब्द. ते स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा २५ रुपये शिष्यवृत्तीवर. ती नसती तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे सकाळी वर्ग भरत, म्हणजे गरीब नोकरदार मुलगा आधी वर्ग करून मग कचेरीत जाई. कॉलेज गल्लीत असले तरी ज्याच्या हाती वेळ नाही त्याला ते शंभर कोसच लांब. हे तिसरे उत्तर: कॉलेजचे घड्याळ विद्यार्थ्याच्या घड्याळाशी जुळवा. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ज्याला कॉलेजात येताच येत नाही, त्याच्या घरी पुस्तक पोचवणारे.

यशवंतराव मुख्यमंत्री असतानाच आणखी एक गोष्ट झाली. ज्या पालकाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत, त्याच्या मुलांना फी माफ. जुने लोक अजून 'ई.बी.सी.' म्हणतात ती हीच सवलत. जात न विचारता गरिबी विचारणारा तो नियम होता. त्या सवलतीवर शिकलेले शिक्षक, तलाठी, डॉक्टर तुमच्या गावातही सापडतील. त्यांना विचारून पाहा.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा इतिहास ऐकून आम्ही काय करायचे? सांगतो. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यांवरची नावे वाचा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. काही विद्यापीठांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. एकाने फीचा प्रश्न सोडवला, दुसऱ्याने राहण्याचा, तिसऱ्याने भाकरीचा. २०२४-२५ या वर्षापासून तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही माफ झाले. पण अर्ज मुदतीत भरला नाही, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला नाही, तर हक्क कागदावरच राहतो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दहावी-बारावीच्या मुलांना हे दाखले दिवाळीतच काढून ठेवायला सांगा. जूनमध्ये तहसील कचेरीत रांग लागते.

पालकांनीही कॉलेज निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित? ते कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे? हव्या त्या विषयाला शिकवणारा माणूस आहे की जागा रिकामी आहे? आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? इमारतीचा रंग आणि फलकाची लांबी पाहू नये. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ लांबच्या शहरातल्या एका चकचकीत कॉलेजच्या फीसाठी अर्धा एकर विकून बसले. मुलगा वर्षभरात परत आला. रान परत आले नाही.

परंतु जवळचे ते चांगलेच, असेही मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर स्वतःशी खोटे बोलल्यासारखे होईल. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजांत कित्येक जागा रिकाम्या असतात, तासिकेवर येणारे तरुण अध्यापक तुटपुंज्या पैशांत दोन-दोन कॉलेजे करतात. गावकऱ्यांनी एकेकाळी मूठमूठ धान्य देऊन या संस्था उभ्या केल्या. आज आपण त्यांच्याकडे पाठ फिरवून शहराची वाट धरतो, आणि मग म्हणतो की इथे काही राहिले नाही. ज्या विहिरीचे पाणी कोणी उपसत नाही ते शेवाळणारच. गावाने कॉलेजात यावे, प्राचार्यांना प्रश्न विचारावेत, शिक्षक का नाही म्हणून सरकारकडे गाऱ्हाणे न्यावे. आपल्याच आजोबांच्या धान्यावर ते उभे आहे, तेव्हा हा अधिकार आपला आहे.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी आता आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास हाच विषय घेतलाय तिने. सकाळच्या गाडीने येते, साडेचारच्या गाडीने जाते. गाडी येईपर्यंत ग्रंथालयात बसते. परवा तिने मला विचारले, "सर, एम.ए. ला इथं वर्ग निघेल का हो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण हा वर्ग एकटा अध्यापक काढू शकत नाही. काले गावचे वसतिगृहसुद्धा एकट्या भाऊरावांचे नव्हते. त्यामागे गाव होते. म्हणून तिचा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतो.