मोबाइलवरील थेट प्रक्षेपण : खंड आणि निवारण (उदयनगर परिसर)

मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य व ध्वनी त्याच वेळी इंटरनेटवरून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे मोबाइलवरील थेट प्रक्षेपण. रोजच्या बोलण्यात ‘लाइव्ह’. चित्र गोठणे, आवाज तुटणे, प्रक्षेपण बंद पडून पुन्हा जोडले जाणे व पुन्हा तुटणे, या दोषाचा विचार येथे उदयनगर परिसर समोर ठेवून केला आहे. उदयनगर ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तहसील. माळव्याचे पठार संपून विंध्याच्या उतारांवरून जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते, त्या डोंगराळ व सागवनाच्या पट्ट्यात ती येते. बेसाल्टच्या खांबांसाठी प्रसिद्ध असलेला कवडिया डोंगर याच भागातला. धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने होती व 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. संस्थाने गेली तरी माळव्यात मराठी घरे राहिली आणि त्यांचे नातलग इंदूर, पुणे, मुंबईपासून परदेशापर्यंत पसरले. घरचे लग्न, गोंधळ किंवा गणपतीची आरती दूरच्या आजीला दिसावी, एवढ्यासाठी येथे लाइव्ह केले जाते. ऐन मंगलाष्टकांत ते तुटले तर तो क्षण तिला पुन्हा मिळत नाही. म्हणून हा दोष किरकोळ मानू नये. तो बहुतेक वेळा ‘नेट स्लो’ असल्यामुळे होतो असे समजले जाते. खरे कारण वेगळे आहे : मोबाइलकडून टॉवरकडे जाणारी वाट सलग राहत नाही. त्यामुळे उपायही वेगाच्या मागे लागण्यात नसून मागणी कमी करण्यात आणि फोनची जागा बदलण्यात आहे.

टॉवर आणि फोन यांच्यातील संभाषण बरोबरीचे नसते. टॉवर दहा वॅटांहून अधिक शक्तीने प्रसारण करतो. 4जी फोनची कमाल प्रसारणशक्ती साधारण 200 मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा पाचवा भाग असते. टॉवरचा आवाज फोनला खणखणीत ऐकू येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत कसाबसा पोहोचतो. फोनच्या पडद्यावरच्या दांड्या टॉवरकडून आलेल्या संकेताचे बळ दाखवतात. फोनचे म्हणणे टॉवरला किती ऐकू गेले, हे त्या सांगत नाहीत. त्यातही 2300 मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत एकच वाट वेळ वाटून वापरली जाते आणि त्यातला मोठा वाटा वरून खाली येणाऱ्या माहितीला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक पाहतात, पाठवत नाहीत. लाइव्ह करणारा नेमका याच्या उलट वागत असतो. दुसरी अडचण पाठवण्याच्या पद्धतीत आहे. मॅक्रोमीडियाने विकसित केलेला व पुढे अ‍ॅडोबीकडे आलेला आरटीएमपी हा प्रोटोकॉल (पाठवण्याचा नियमसंच) आजही प्रक्षेपणासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तो टीसीपीवर चालतो आणि टीसीपीचा नियम असा की हरवलेला तुकडा पुन्हा पाठवून पोहोचेपर्यंत त्यामागचे तुकडे पुढे दिले जात नाहीत. वाट काही सेकंद अरुंद झाली की कॅमेऱ्याकडून येणारी चित्रे फोनमध्ये तुंबतात; अ‍ॅप आधी काही चित्रे गाळते आणि तुंबारा आवरला नाही, तर जोडणीच सुटते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की त्याच जागी केलेल्या वेगचाचणीत 20 मेगाबिट दिसतात, मग नेटवर्कचा दोष कसा? वेगचाचणी काही सेकंदांची असते, ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि लोक तिच्यातला डाउनलोडचा आकडा पाहतात. लाइव्हला तासभर, एकाच जोडणीवर, न थांबणारा अपलोड हवा असतो. चाचणी वाटेची सर्वांत रुंद जागा दाखवते. प्रक्षेपण मात्र सर्वांत अरुंद जागी अडकते. म्हणून पाहायचा तो अपलोडचा आकडा, आणि तोही चार-पाच वेळा, कार्यक्रमाच्याच वेळी व शक्यतो आदल्या दिवशी. त्यातला सर्वांत लहान आकडा धरावा आणि त्याच्या निम्म्याहून अधिक मागणी करू नये. अपलोड 6, 5, 2 आणि 4 मेगाबिट आला, तर हिशेब 2 चा करायचा आणि प्रक्षेपण 1 मेगाबिटच्या आत ठेवायचे.

जागेचा प्रश्न उदयनगरसारख्या भागात सर्वांत महत्त्वाचा. डोंगराची सोंड, दगडी भिंत, पत्र्याचे छत आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी भरलेला साग हे सारे संकेत अडवतात. टॉवरच्या आणि घराच्या मधे टेकडी आली की संकेताची सावली पडते. 2300 मेगाहर्ट्झपेक्षा 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी अशा आडोशाला अधिक वळसा घालून पोहोचतात. त्यामुळे एका कंपनीचे सिम चालते तिथे दुसरीचे चालत नाही. दांड्यांवर विसंबण्यापेक्षा आकडा पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘सेटिंग्ज’मधील सिमच्या माहितीत संकेताचे बळ डीबीएम या एककात दिसते. आकडा ऋण असतो : उणे 85 चांगला, उणे 115 जवळजवळ निरुपयोगी. या मोजमापात 10 चा फरक म्हणजे दसपट, तेव्हा उणे 85 आणि उणे 115 यांत हजारपटीचे अंतर पडते. ओसरीत उणे 112 दाखवणारा फोन गच्चीच्या टॉवरकडील कोपऱ्यात उणे 95 दाखवू शकतो. पण मांडव ओसरीत असेल, तर कॅमेरा गच्चीवर नेऊन काय उपयोग? येथेच खरा उपाय सापडतो : कॅमेऱ्याची जागा आणि संकेताची जागा वेगळ्या कराव्यात. एक फोन गच्चीवर सावलीत, पॉवर बँक जोडून, हॉटस्पॉट चालू करून ठेवावा. दुसरा फोन मांडवात तिपाईवर लावून फ्लाइट मोडमध्ये टाकावा व त्याचे फक्त वाय-फाय चालू करावे. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवला तर भिंतीतून अधिक लांब पोहोचतो. घरातल्याच दोन जुन्या फोनांनी, विशेष खर्च न करता, हे करता येते.

मागणी कमी करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे बिटरेट, अर्थात दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण. 720पी चित्राला साधारण 2 ते 4 मेगाबिट लागतात. 480पी चित्र 1 मेगाबिटच्या आसपास बसते. अनेक अ‍ॅप बिटरेट आपणच ठरवतात. लॅरिक्स ब्रॉडकास्टरसारख्या अ‍ॅपमध्ये तो हाताने ठरवता येतो आणि वाट अरुंद झाल्यास आपोआप खाली आणण्याची सोयही असते. चित्राचा दर्जा कमी करणे हा प्रेक्षकाचा अपमान आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो तपासून पाहावा. लग्न पाहणाऱ्याला नवरीच्या शालूची जर स्पष्ट दिसली नाही तरी चालते. मंगलाष्टकांचा आवाज अखंड यावा, हे त्याला हवे असते. चांगल्या आवाजाला 128 किलोबिट पुरतात, म्हणजे तोकड्या वाटेवरही आवाज सांभाळता येतो. शिवाय उत्तम दर्जाचे चित्रण तिसऱ्या फोनवर करून नंतर पाठवता येते. थेट प्रक्षेपणाचे काम सोबत देण्याचे आहे, संग्रह करण्याचे नव्हे.

सर्व दोष संकेताचे नसतात, आणि तुटण्याची वेळ पाहिली तर त्यांतले काही ओळखता येतात. प्रक्षेपण दर वेळी तास-सव्वा तासाने मरत असेल, तर डेटा पॅक पाहावा. दिवसाला 1.5 जीबीचा पॅक 2.5 मेगाबिटच्या प्रक्षेपणाला 80 मिनिटे पुरतो, तोही सकाळपासून काहीच वापरला नसेल तर. तो संपला की अनेक पॅकांत वेग 64 किलोबिटवर येतो आणि त्यात आवाजही नीट मावत नाही. प्रक्षेपण फोन वाजताच थांबत असेल, तर कारण कॉल. दोन सिमच्या अनेक फोनांत एका सिमवर कॉल आला की दुसऱ्याचा डेटा थांबतो. म्हणून हॉटस्पॉटच्या फोनमधले दुसरे सिम बंद ठेवावे आणि कॅमेऱ्याच्या फोनवरील वाय-फाय कॉलिंग व व्हॉट्सअ‍ॅपचे कॉलही थोपवावेत. दुपारी तुटून संध्याकाळी नीट चालत असेल, तर उष्णता. अ‍ॅपल आपला फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. चैत्र-वैशाखात या खोऱ्यात पारा 40 च्या पुढे जातो. फार तापलेला फोन पडदा मंद करतो, काम हळू करतो आणि रेडिओची शक्तीही घटवू शकतो. कव्हर काढणे, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवणे आणि आधीच पूर्ण चार्ज करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पडदा बंद होताच तुटत असेल, तर अ‍ॅपवरील बॅटरी-बचतीचे बंधन काढावे.

गर्दीचा प्रश्न निराळा. एका टॉवरची क्षमता त्याच्याखालच्या सर्वांत वाटली जाते. याच जिल्ह्यातील नेमावरला नर्मदेच्या घाटावर भूतडी अमावास्येला लोटणाऱ्या गर्दीत संकेत पूर्ण असूनही वाटणीला थोडेच येते. तिथे जागा बदलून फारसे साधत नाही; गर्दी उसळण्याआधी प्रक्षेपण करणे, कमी वापराच्या कंपनीचे सिम घेणे किंवा फक्त आवाज पाठवणे हेच पर्याय उरतात.

हे सारे ओझे वापरणाऱ्यावर का, हा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे. पैसे भरणाऱ्याला चालणारी सेवा मिळालीच पाहिजे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली आणि तीच पुढे भारतनेट झाली. जिथे तारेची जोडणी खरोखर चालते, तिथे लाइव्ह तिच्यावरूनच करावे, कारण तारेला डोंगराची सावली पडत नाही. भारतात 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये आले, पण त्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही : 3.5 गिगाहर्ट्झच्या लहरी कमी अंतर जातात आणि फोनची प्रसारणशक्ती मर्यादितच राहते. म्हणून सुधारणेची मागणी नेमकी असावी. ‘नेट चालत नाही’ एवढी तक्रार सहज बाजूला सारली जाते. जागा, तारीख, वेळ, डीबीएमचा आकडा आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवर मोजलेला अपलोड यांसह 198 क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक घेतला, तर तीच तक्रार पुरावा ठरते. स्वतः केलेले मोजमाप आज प्रक्षेपण सावरते आणि उद्या टॉवर मागायला आधार देते. त्यामुळे घरचा उपाय आणि हक्काची मागणी या एकमेकींच्या आड येणाऱ्या गोष्टी नाहीत. दोन्हींची सुरुवात गच्चीवर फोन नेऊन तो आकडा वहीत लिहिण्यापासून होते.