मुलकोवालची एक बाटली

हैदराबादच्या बेगमपेठेत एक जुनी इमारत आहे. डॉ. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी तेथे डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूंचा माग काढला. पुढे दहा वर्षांनी याच रॉस यांनी एका सहशास्त्रज्ञाच्या न्यायासाठी लेखणी उचलली. ती हकिगत प्लेगच्या लशीची आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या; पण त्या सोसल्यावरच त्यांनी भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. पुढे हजारो लोकांनी विश्वासाने दंड पुढे केला.

त्या विश्वासाला ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तडा गेला. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचली होती.

सरकारी चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस तयार करताना कार्बोलिक आम्ल वगळले, हा मुख्य आक्षेप होता. हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. परंतु बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आलेच होते. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! १९०७ मध्ये रॉस यांनी हा पुरावा जगापुढे मांडला. अन्य नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

तथापि, एका संशोधकाची कीर्ती उजळली म्हणून त्या १९ घरांतील अंधार सरला नाही. लस निर्दोष होती, तरी माणसे गेलीच. प्रयोगशाळेत कितीही दक्षता बाळगली, तरी अखेरची सुई धरणारा हात स्वच्छ नसेल, तर ती व्यर्थ होय. म्हणूनच अपघात घडताच कोणा एकाच्या माथी दोष मारून मोकळे होण्यापेक्षा, प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या दंडापर्यंतचा प्रत्येक टप्पा निःपक्षपातीपणे तपासणे, हेच मृतांचे खरे ऋण फेडणे होय.