उपासनासंगीत, मराठी ख्रिस्ती
मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील सामूहिक भक्तिगायन. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन (१८१३–६५) प्रभृतींनी मराठीत स्तोत्रे रचली. भाषांतरित स्तोत्रे पाश्चात्त्य चालींवर गाताना मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घत्व अनेकदा बिघडे. कृष्णा रत्नाजी सांगळे आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी पदे, अभंग व कीर्तन यांतून उपासनेला देशी वळण दिले. ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीमुळे निरक्षर उपासकही केवळ श्रोता न राहता गायक झाला. आपल्याच भाषेत, सर्वांसमवेत गाण्याचा आनंद त्याला लाभला. ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात भाषांतरित स्तोत्रे व देशी पदे एकत्र आढळतात.