फर्माईश कुठे पाठवायची?

जळगावात आकाशवाणी चौक सांगितला की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. हायवेवरचा तो चौक ओलांडायला हिंमत लागते, हेही सगळ्यांना ठाऊक. चौकाला ज्यामुळे नाव मिळालं ते केंद्र मात्र आता आठवण करून द्यावी लागते तेव्हाच आठवतं. आमच्या घरात तसं नव्हतं. आमचं गाव अमळनेरकडचं. वडिलांचे थोरले चुलते, आमचे जिभाऊ, काळाचे दोनच भाग करायचे: जळगाव लागायच्या आधीचा आणि जळगाव लागल्यानंतरचा.

आधी लागायचं ते इंदूर. मुंबईही लागायची, पण खरखरत, मध्येच बुडून पुन्हा वर येत. इंदूरचं केंद्र १९५५ चं, सातपुड्याच्या पलीकडचं, आणि आवाज असा की माणूस ओट्यावर येऊन बसलाय. तिथे नंदाजी आणि भेराजी ही जोडी मालवी बोलीत शेतीच्या गप्पा मारायची. जिभाऊंना मालवी येत नव्हती, पण कापूस दोन्हीकडे तोच, ज्वारी तीच, सावकाराची तऱ्हाही तीच. सबंध कार्यक्रम ऐकून झाला की ते रेडिओ बंद करत आणि कुणाकडेही न बघता म्हणत, "त्या त्यास्नी बोलीमा बोलतस, आन् आपन?"

फुईचं, म्हणजे आत्याचं, रेडिओशी नातं वेगळं होतं. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास बंद केली आणि सगळा हिंदुस्थान रेडिओ सिलोनकडे वळला. आमची फुई त्यात होती. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची बिनाका गीतमाला, आणि त्या तासात घरातल्या कुणीही तिला पाणीसुद्धा मागायचं नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली ती मुळात सिलोनकडे गेलेली ही माणसं परत आणायला. स्टेशनांची चढाओढ म्हणून आज जे बोललं जातं, तिचा पहिला धडा आम्ही असा घरात बसून पाहिला. फुई दोन्ही ठिकाणी फर्माईशीची पोस्टकार्डं पाठवायची, आणि एका कार्डावर मैत्रिणींची नावं इतकी दाटीनं लिहायची की पत्ता कोपऱ्यात ढकलला जायचा.

त्या काळी रेडिओला परवाना लागे, तो पोस्टात काढायचा. परवाना तपासायला माणूस आल्याची कुणकुण लागली की गावातले निम्मे रेडिओ ज्वारीच्या कणगीत जात. जिभाऊंचा परवाना चोख होता, तरी तेही आपला रेडिओ कणगीत ठेवत. का, तर शेजाऱ्यांना एकटं पडल्यासारखं वाटू नये!

१९७६ मध्ये जळगाव सुरू झालं. मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झ. जिभाऊंनी त्या आकड्यावर काचेला खडूची रेघ ओढली, आणि ती पुसली गेली की पुन्हा ओढत. बाजारभाव, हवामान, केळीवरचे रोग, कामगारांसाठी, युवकांसाठी, आणि या सगळ्यांच्या फटीत लोकसंगीत. फट म्हणतो ते मोजून म्हणतो. आमचं गाणं मुळात घड्याळाच्या बाहेरचं. खान्देशातली वही, म्हणजे वहीगायन, रात्रभर चालते, दोन फड समोरासमोर बसतात आणि सवाल-जवाब उजाडेपर्यंत लांबतात. कानबाईची गाणी श्रावणातली, गौराईची आखाजीची, गुलाबाईची भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंतची. ही गाणी ऋतू आल्याशिवाय कुणी म्हणत नाही, आणि ऋतू आला की थांबत नाही. रेडिओला मात्र पंधरा मिनिटं हवीत, सुरुवात-शेवट असलेली, मंगळवारी.

आमच्या गावातल्या बायकांचं एक मंडळ गुलाबाईची गाणी ध्वनिमुद्रित करायला जळगावला गेलं होतं. फुई तेव्हा लग्न होऊन धुळ्याला गेलेली, पण माहेरच्या मंडळात तिची जागा राखलेली होती. अमळनेरहून तापी लाइनची पॅसेंजर, सोबत भाकरी-ठेचा. फुई सांगते त्याप्रमाणे, स्टुडिओत गेल्यावर पहिला घोळ झाला तो शांततेचा. एवढी शांतता त्या बायकांनी आयुष्यात ऐकली नव्हती. भिंतींनी आवाज परत दिला नाही म्हणून त्या जोरात गाऊ लागल्या, मग काचेपलीकडून खूण आली, मग कुजबुजत गाऊ लागल्या. लाल दिवा विझला तरी एकजण गातच राहिली, कारण गाण्यात गुलाबाईला अजून सासरी पोहोचवायचं बाकी होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी टेप पुन्हा लावली आणि सांगितलं, पोहोचवा तिला, मग थांबा. त्या ताई विदर्भाकडच्या होत्या. आमची अहिराणी बोली त्यांना कळत नव्हती, पण कान होता.

पुढे त्यांची बदली झाली. आकाशवाणीचे अधिकारी बदलीवरच असतात, त्यात नवल नाही. नवल याचं, की बदल्यांच्या बातम्या गावाला आदेशाआधी कळायच्या. सकाळच्या सभेत नवा आवाज आला की जिभाऊ चहा थांबवून ऐकत, आणि हा माणूस नगरकडचा, हा नागपूरकडचा, असा निकाल देत. नैमित्तिक निवेदक मात्र इथलेच असत: प्राध्यापक, वकील, विम्याचे एजंट, नाटकवाले. त्यांना महिन्यातून मोजक्याच ड्यूट्या, सहाच्या आसपास. म्हणजे केंद्राची सूत्रं बाहेरून येणाऱ्यांच्या हातात आणि केंद्राची जीभ इथल्या हंगामी माणसांची. आपल्या मातीतलं गाणं किती वाजेल हे माझ्या मते कुठल्याही धोरणापेक्षा या मांडणीनंच ठरवलं. कान असलेला अधिकारी आला की वही वाजायची, वहीला सरावला की तो निघायचा, आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला सहा ड्यूट्यांत वेळ कुठला?

याच सुमारास एक गोष्ट अमेरिकेत पन्नास वर्षं जुनी झाली होती, ती इथे सांगायलाच हवी. १९२५ मध्ये नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीनं डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ स्टेशन काढलं. त्यातली अक्षरंसुद्धा कंपनीच्या जाहिरातीचीच, लाखोंचं रक्षण करतो अशा अर्थाची. शनिवारी रात्री डोंगराळ भागातले फिडलवाले, बँजोवाले स्टुडिओत बोलावले गेले, त्यातून ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम उभा राहिला, आणि तो अजून चालू आहे. विम्याचा एजंट दारात आला की ऑप्री ऐकणारं घर त्याला बसायला खुर्ची देई. खेड्यातल्या गाण्यात पैसा आहे हे तिथल्या व्यापाऱ्याला असं कळलं. पुढे निव्वळ त्या गाण्याची स्टेशनं शहरोशहरी निघाली, आणि निवेदक पळवण्यापर्यंत त्यांच्यात मारामाऱ्या झाल्या. आमच्याकडेही विम्याचे एजंट रेडिओवर होते, पण ते निवेदक म्हणून!

चढाओढ आमच्याकडेही आली, जरा उशिरा. धुळ्याला आकाशवाणीचं एफएम केंद्र झालं. मग एफएमच्या दुसऱ्या टप्प्याच्या निविदा निघाल्या आणि २००६ नंतरच्या काही वर्षांत खासगी स्टेशनं उतरली. रेडिओ धमाल जळगाव-धुळ्याला, रेडिओ सिटी जळगावला. तिसऱ्या टप्प्यानंतर भास्कर समूहाचं माय एफएम आलं. सुवर्णपेठेतल्या दुकानांच्या, ट्रॅक्टरच्या, कोचिंग क्लासच्या जाहिराती वाटून घ्यायला एवढी स्टेशनं म्हणजे गर्दीच. स्वतःच्या बातम्या देण्याची खासगीवाल्यांना मुभा नव्हती. सगळ्यांकडे गाणी तीच, मुंबईहून आलेली, हिंदी. मग वेगळं काय करणार? आवाज. लढाई आरजेवर आली.

भाच्याचा एक मित्र त्यात होता. एका स्टेशनात सकाळचा शो, वर्षभरानं दुसऱ्या स्टेशनात संध्याकाळचा, मग काही दिवस घरी, मग तिसरीकडे. पगार सांगायला तो लाजायचा. श्रोते मात्र त्याच्या मागे सुया फिरवत जात, फुईसुद्धा. तिला स्टेशनाचं नाव कधीच आठवत नसे, "तो हसरा पोऱ्या कोठे गया?" एवढंच विचारी. तो पोऱ्या दोन गाण्यांच्या मध्ये अहिराणीत दोन वाक्यं टाकायचा आणि तेवढ्यावर फोन खणखणायचे. गाणं मात्र अहिराणी नसे. मी एकदा त्याला विचारलं, की लोक तुझ्या बोलीवर एवढे जीव टाकतात, तर एखादं गाणं लाव की. तो म्हणाला, "काका, गाण्यांची यादी आमच्या हातात नसते. बोलणं तेवढं आमचं."

म्हणजे सगळ्यांनी एकाच गोष्टीसाठी झगडायचं आणि जी गोष्ट कुणाकडेच नाही तिच्याकडे बघायचं नाही. बाजाराला कळतं असं आपण म्हणतो. मला तसं दिसलेलं नाही. बाजार रस्त्यावरच होता: लग्नाच्या बँडवाल्यांना केव्हाच ठाऊक होतं की पावरीची धून वाजवल्याशिवाय धुळे-नंदुरबारकडची वरात पुढे सरकत नाही. एसटी स्टँडवर अहिराणी कॅसेटी विकल्या जात होत्या, नंतर सीड्या. गाणारे, वाजवणारे, नाचणारे, पैसे मोजणारे सगळे हजर. एकटा रेडिओच नव्हता.

मग यूट्यूब आलं आणि रेडिओला वळसा घालून सगळं पुढे गेलं. भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांनी गायलेलं 'हाई झुमका वाली पोर' कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. पुण्यामुंबईच्या लग्नांत, अहिराणीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसांनी त्यावर पाय झिजवले. गाण्याची प्रत काय, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. वही ऐकून वाढलेल्यांना हे गाणं फार चकचकीत वाटतं. मलाही वाटतं. पण त्यासाठी कुणाला आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी लागली नाही, कुणाची बदली थांबवावी लागली नाही, आणि ते मंगळवारची वाट बघत बसलं नाही.

भाच्याच्या मित्रानं रेडिओ सोडला. आता तो हळदीच्या कार्यक्रमांत माईक धरतो, शिरपूर, चोपडा, साक्री, म्हणाल तिथे. सगळं निवेदन अहिराणीत, गाण्यांची यादी त्याची स्वतःची. भाव विचारला तर आता लाजत नाही, आधी तारीख विचारतो, कारण लगीनसराईतल्या त्याच्या तारखा दिवाळीतच भरलेल्या असतात.