जाळीच्या पलीकडचा माणूस

आजचा विषय बॅडमिंटनचा आहे, थोडा टेनिसचाही आहे, पण सुरुवात एका भांडणाने करतो.

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूला, मल्लेश्वरममध्ये राहायला आलो. मूळचा बेळगावचा, त्यामुळे कन्नड अंगवळणी पडलेलं. मुलगीही इथेच नोकरीला. सकाळच्या फिरण्यात ओळखी झाल्या. काही माझ्यासारखे फौजेतले, काही बँकेतले, दोन-तीन कोकणी बोलणारे जुने मल्लेश्वरमकर. सगळ्यांना रॅकेटच्या खेळांचं वेड. त्यातून एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि ॲडमिनपद माझ्या गळ्यात पडलं. आज पुणे, कोल्हापूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथले मिळून साठ-सत्तर जण त्यात आहेत. फेडरर मोठा की नदाल, यावर साठी ओलांडलेली माणसं रात्री साडेअकराला एकमेकांना काय काय बोलतात, हे बघायचं असेल तर असा ग्रुप चालवून पाहा. पलटण सांभाळणं सोपं. तिथे निदान हुद्दा असतो.

दर वर्षी २३ मार्चला आमच्याकडे सण असतो. १९८० साली त्या दिवशी प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंड जिंकला. फोटो, जुनी कात्रणं, 'मी तेव्हा कुठे होतो' अशा आठवणी. आणि दर वर्षी माझा एक कोर्समेट, मूळचा कोल्हापूरचा, त्या गर्दीत एकच ओळ टाकायचा : '१९८१ : ११-१५, १५-४, १५-६.' बस्स, दुसरं काही नाही. तीन वर्षं लोकांनी सहन केलं. चौथ्या वर्षी एक जण चिडला, शब्दाला शब्द लागला. मी कोल्हापूरकराला दोनदा ताकीद दिली आणि मग ग्रुपमधून काढून टाकलं. चाळीस वर्षांची मैत्री, आणि काम एका बोटाचं.

आजच्या भागासाठी वाचायला बसलो तेव्हा त्याच्या त्या ओळीचा अर्थ लागला. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मल्लेश्वरमशी आपला संबंध जुना आहे. इथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळात १६६९ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजीराजे, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याचा तो लेख. वस्ती मात्र वाढली ती १८९८ च्या प्लेगनंतर, जुन्या शहराच्या दाटीतून लोक मोकळ्या हवेत आले तेव्हा. पुढे दक्षिण कॅनरातली सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. कॅनरा युनियन ही त्यांची संस्था. तिचा एक हॉल होता. हॉल लग्नकार्यांसाठी, पण त्यात बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं.

प्रकाशचे वडील रमेश पदुकोण म्हैसूर बॅडमिंटन असोसिएशनचे अनेक वर्षं चिटणीस होते. त्यांनीच मुलाच्या हातात रॅकेट दिली. शाळा सुटली की पोरं आधी बघून यायची, आज हॉलवर काही कार्य आहे का. नसलं तर धाव ठोकायची. म्हणजे लग्नसराई आली की सराव बंद! जगज्जेत्याच्या सरावाचं वेळापत्रक भटजींच्या पंचांगावर चालायचं, ही गोष्ट मला फार आवडते. १९६२ साली सात वर्षांचा प्रकाश राज्य ज्युनियर स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. दोन वर्षांनी तीच स्पर्धा त्याने जिंकली.

आता थोडं मागे, आपल्या सांगलीला जाऊ. नंदू नाटेकर १९३३ चे, सांगलीचे. ते आधी टेनिस खेळायचे हे आज फार थोड्यांना माहीत असतं. १९५१-५२ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली. नाटेकर हरले. समोर होते रामनाथन कृष्णन. ते पुढे १९५४ मध्ये विम्बल्डनचे ज्युनियर विजेते झाले आणि १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. त्या पराभवानंतर नाटेकर बॅडमिंटनकडे वळले. विशीतच राष्ट्रीय विजेते झाले, १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनसाठी तो त्यांनाच मिळाला.

कृष्णन त्या दिवशी थोडे ढिले पडले असते तर? एक बरा टेनिसपटू वाढला असता आणि भारतीय बॅडमिंटनला नाटेकर मिळाले नसते. गंमत म्हणजे वडिलांनी सोडलेल्या खेळात मुलगा परत गेला. गौरव नाटेकर टेनिस खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला.

प्रकाशकडे परत येऊ. १९७१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ज्युनियर आणि सीनियर दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. पुढे सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेता. घरात कुणी हरवणारं नाही, ही अवस्था खेळाडूला सुखाची वाटते, पण धोक्याची असते. फौजेतही तसंच : ज्या सरावात शत्रूचं काम करणारी तुकडी मिळमिळीत असते, त्या सरावातून कुणी काही शिकत नाही. प्रकाशला कसोटी लागली ती बाहेर, इंडोनेशियाच्या खेळाडूंपुढे. रुडी हार्टोनोने ऑल इंग्लंड आठ वेळा जिंकलेलं. त्याचा वेगवान, आक्रमक खेळ पाहून प्रकाशने आपला मुळातला नाजूक खेळ बदलला, त्यात धार आणली. हार्टोनोच्या मागोमाग आला लिएम स्वी किंग, मध्य जावातल्या कुडुस गावचा, प्रकाशपेक्षा वर्षभराने लहान. हवेत झेप घेऊन वरूनच स्मॅश मारायचा. १९७८ आणि १९७९ ची ऑल इंग्लंड त्याची होती.

२३ मार्च १९८०, रविवार, लंडनचं वेम्बली. उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या मॉर्टन फ्रॉस्टला हरवून प्रकाश अंतिम फेरीत आला होता. किंग तिसऱ्या सलग विजेतेपदासाठी उभा. आणि सामना? १५-३, १५-१०. झेप घ्यायला शटल उंच यावं लागतं. प्रकाशने ते फारसं उंच येऊच दिलं नाही. अर्धा स्मॅश, जाळीलगत टाकलेला ड्रॉप, मनगट शेवटच्या क्षणी वळवून भलतीकडे पाठवलेलं शटल. समोरच्याची लय लागू न देणं हेच त्याचं हत्यार.

बेंगळुरूत तेव्हा दूरदर्शन पोचलेलं नव्हतं. मी बेळगावला कॉलेजात होतो. सोमवारी सकाळी रेडिओवर बातमी ऐकली, मग पेपर येईपर्यंत दुकानापाशी उभा राहिलो. आम्ही त्या सामन्यातला एकही फटका पाहिला नव्हता. पाहिला नव्हता म्हणूनच की काय, तो आमच्या डोक्यात दर वर्षी थोडा थोडा मोठा होत गेला.

त्याच उन्हाळ्यात टेनिसमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ५ जुलैला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला आणि पाचवा सेट बोर्गने ८-६. पुढच्या वर्षी तिथेच मॅकेन्रो जिंकला. दोघांचे एकूण चौदा सामने झाले, सात याचे, सात त्याचे. बोर्गच्या चाहत्याला १९८१ विचारा, तो विषय बदलणार नाही. उलट तो सामनाही तुम्हाला सेटवार सांगेल. कारण तो सामना काढून टाकला तर १९८० चा अर्धा अर्थ जातो, हे त्याला कळतं.

आम्ही प्रकाशच्या बाबतीत नेमकं तेच केलं नाही. १९८१ ची ऑल इंग्लंड, तीच अंतिम फेरी, तेच दोघे. पहिला गेम प्रकाशने १५-११ असा जिंकला. मग किंगने १५-४, १५-६ असा सामना फिरवला. आदल्या वर्षी जो माणूस पहिल्या गेममध्ये तीन गुणांवर अडकला होता, तो या वेळी एक गेम मागे पडूनही डगमगला नाही. किंगने वर्षभर तो पराभव मनात घोळवला असणार. हा माझा तर्क, सैनिकाचा. ज्याच्याकडून आपण हरतो त्याच्याइतका अभ्यास आपण कुणाचाच करत नाही. आणि प्रकाश त्या पराभवाने संपला का? त्याच वर्षी क्वालालंपूरला चीनच्या हान जियानला हरवून तो विश्वचषक जिंकला. १९८३ मध्ये कोपनहेगनला जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. तोवर तो डेन्मार्कलाच राहायला गेला होता. फ्रॉस्टच्या देशात, रोज तगडे प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून.

घरातला हिशोबही आम्ही असाच अर्धा ठेवला. सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदांनंतर १९८० मध्ये प्रकाशला रोखलं ते विशीही न गाठलेल्या सय्यद मोदीने. तेव्हापासून सलग आठ वर्षं विजेता तोच. १९८२ मध्ये ब्रिस्बेनला राष्ट्रकुल सुवर्ण. २८ जुलै १९८८ ला लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमबाहेर त्याला गोळ्या घालून मारलं. वय पंचवीस. आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक त्या खुनाच्या संदर्भात. प्रकाशला हरवणारा पोरगा म्हणून, खेळाडू म्हणून, क्वचितच. नंदू नाटेकर पुण्यात गेले तो दिवसही २८ जुलै, साल २०२१.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कोल्हापूरकराला फोन केला. दोन वर्षांनी. म्हटलं, "अरे, माझं चुकलं." तो म्हणाला, "किंगचं नाव तरी घेणार आहेस का तुझ्या त्या भाषणात?" घेणार आहे म्हटलं. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गुडघ्यांच्या, नातवंडांच्या. फोन ठेवताना तो हसला आणि म्हणाला, "आणि डेहराडूनचं काय?"

डेहराडूनला अकादमीत असताना आम्ही दोघं एका अंतिम सामन्यात समोरासमोर आलो होतो. मी जिंकलो. मेसमध्ये, रजेवर, पोरांना, जावयाला, सगळ्यांना मी तो सामना सांगत आलोय. पुढच्या टर्मला परत आम्हीच दोघं होतो. तो निकाल माझ्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

यंदाच्या २३ मार्चला मी ग्रुपवर दोन्ही वर्षांचे गुण टाकले, किंगच्या नावासकट. कोल्हापूरकराला आदल्या दिवशीच परत घेतलं होतं. दहा मिनिटांनी त्याची एक ओळ आली : '१५-११, १५-७. डेहराडून.' कुणाला काही कळलं नाही. तिघांनी विचारलं, ही कुठली स्पर्धा? मी उत्तर लिहायला घेतलं आणि जावयाचा नंबरही त्याच ग्रुपमध्ये आहे हे आठवलं. तरी पाठवलं.